खार पाजलेलं बी

पहिली लाथ लखमा हिलमच्या बरगडीत बसली तेव्हा चांगुणा बीघराच्या ओसरीवर उभी होती. लखमानं काहीही केलेलं नाही, हे शिरखार गावात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक चांगुणा स्वतः. दुसरा माणूस लाथा घालणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होता. तो तिचा सख्खा थोरला भाऊ, हिराजी.

"बोल रे! कोनाला दिलास आमचं बी?" धाया पाटील ओरडला.

"कोनालाच नाय दिलं, पाटील. पोरींची शपथ घेऊन सांगतो."

"खोटा बोलतंय त्यो!" हिराजीनं लखमाचे केस धरून त्याचं तोंड वर केलं. "बीघराची चावी याच्याकरंच होती. वरच्या गावाला चांगलं बी विकलान, आन् पोत्यांत भलतंच भरून ठेवलान!"

आणि त्यानं ते तोंड पायरीच्या दगडावर आपटलं. वरचे दोन दात पायरीवर पडले. अंगणात साठ-सत्तर माणसं होती. एकानंही 'अरे, थांब' म्हटलं नाही.

लखमा बीघराचा राखणदार होता. कातकरी, गावाबाहेरच्या वाडीत राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आळ घ्यायला याहून सोयीचा माणूस गावाला कुठे मिळणार होता? आणि गावाला त्या दिवशी कुणीतरी हवंच होतं. अडतीस घरांच्या शेतांतलं भात गुडघ्याएवढं असतानाच निसवलं होतं. लावणीला अजून दीड महिना झाला नव्हता, आणि लोंब्या बाहेर! दाणा दाबून पाहावा तर पोचट. भात कमरेएवढं होऊन नवरात्राच्या सुमारास निसवायचं, ते श्रावणातच म्हातारं झालं होतं.

त्यात हे भात साधंसुधं नव्हे. गेल्या पंचवीस वर्षांत समुद्र वीतभर चढला होता. दर पावसाळ्यात बाहेरचा बांध कुठे ना कुठे पाझरायचा आणि खारं पाणी शेतात शिरायचं. आजूबाजूच्या सात गावांनी शेती सोडून दिली. शिरखार टिकलं ते या बियाण्यावर, आणि हे बियाणं टिकलं ते चांगुणावर.

संशोधन केंद्राच्या सबनीस मॅडमनी तिला ही विद्या शिकवली त्याला आता अकरा वर्षं झाली होती. आठवी शिकलेल्या बाईला समजेल असंच त्यांनी सांगितलं होतं. बियाण्यातली जनुकं म्हणजे छापलेलं पुस्तक. त्यातली अक्षरं बदलायला हजारो वर्षं जातात. पण पुस्तकाच्या समासात कुणी पेन्सिलीनं खुणा कराव्यात, 'हे मोठ्यानं वाच', 'हे सोडून दे', तशा रासायनिक खुणा जनुकांवर असतात. झाडानं जे सोसलं, ऊन म्हणा, तहान म्हणा, मीठ म्हणा, त्याप्रमाणे त्या खुणा पडतात. अक्षर तेच राहतं, वाचन बदलतं. बी धरताना बहुतेक खुणा पुसल्या जातात, पण सगळ्या नाहीत. काही बियाण्यात उतरतात, आणि ज्या रोपानं जन्मात मीठ पाहिलं नाही तेही जन्मापासून मिठाला तयार असतं. अर्थात पेन्सिल ती पेन्सिलच. दोन पिढ्यांत पुसट होते. म्हणून दर वर्षी कुठल्यातरी एका शेतानं नव्यानं सोसावं लागतं.

त्या शेताला गावात मायशेत म्हणत. मायशेताला चार उधाणांत बेतानं खार, म्हणजे खाडीचं खारं पाणी, पाजायची. बांधातल्या उघाडीला बाहेरचं एक आणि आतलं एक अशी दोन लोखंडी दारं, मध्ये पुरुषभर खोल हौद. भरतीचं पाणी हौदात घ्यायचं, हौदातल्या खांबावर मोजायचं आणि चाऱ्यांतून मायशेतात सोडायचं. पहिल्या उधाणाला दोन बोटं, मग चार, मग वीत. झाड हळूहळू मीठ बाजूला कोंडून ठेवायला शिकतं. शिकता शिकता अर्धमेलं होतं आणि चार आण्यांचं पीक देतं. पण त्या चार आण्यांवर पुढल्या वर्षी सारं गाव जगतं.

पाळी लावायला गावाकडे जुनी रीत होतीच. जोळ. बांध फुटला की घरटी एक माणूस चिखलाची टोपली घेऊन हजर झालाच पाहिजे. जो येणार नाही त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. त्याच जोळानं मायशेताची पाळी बांधून दिली. ज्याची पाळी त्याला बाकीच्या सदतीस घरांनी वर्षाचा तांदूळ पुरवायचा. धाया पाटील जोळाचा म्होरक्या होता.

गेल्या वर्षी पाळी हिराजीची होती. आणि गेल्याच वर्षी त्याच्या रंजनाचं लग्न होतं.

"लोकांच्या घरचा गोला केलेला तांदूल पोरीच्या लग्नात शिजवू? मांडवात पयला भात आपल्याच शेताचा लागतो," असं तो तेव्हा घरात दोन-तीनदा म्हणाला होता. चांगुणानं ते एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून दिलं होतं.

आज सकाळी तिला त्याचा अर्थ लागला. केंद्रानं बीघराला दिलेलं बी तपासायचं यंत्र दोन गोष्टी सांगतं: खुणा किती आहेत ते आकड्यात, आणि कुठे आहेत ते पट्ट्यावर. गेल्या वर्षी हिराजीच्या बियाण्याचा आकडा चौऱ्याऐंशी आला होता, आजवरचा सगळ्यांत मोठा. "हाय ना बरोबर? मंग कर पास," भाऊ समोर उभा राहून हसत म्हणाला होता, आणि तिनं पट्टा उघडलाच नव्हता. आज जुना पट्टा उघडला, सबनीस मॅडमना पाठवला, आणि मॅडमचा फोन आला.

"चांगुणाबाई, हे भरतीचं पाणी नाही हो. कोरडं मीठ आहे. एकाच दिवसात ओतलंय कुणीतरी. झाडाला शिकायला वेळच मिळाला नाही, ते नुसतं हबकलं. आता मरणार, तेव्हा लवकर बी धरा आणि सुटा, एवढीच खूण पोरांकडे गेली. अजूनही वेळ आहे, तुरे कापा, गोडं पाणी द्या, नवे फुटवे येतील. निम्मं पीक तरी हाताला लागेल. फक्त आता खार लागू देऊ नका."

हिराजीचं घराणं मिठागरवाल्यांचं. आजापासून सगळे मिठात वाढलेले. मीठ ते मीठ, पाण्यातून दिलं काय नि पोत्यातून दिलं काय, असं फक्त मिठागरवाल्यालाच वाटू शकतं! त्यानं वाटेकडची एक पट्टी मीठ ओतून जाळली. येणारे-जाणारे जळकं भात बघून हळहळले. मागचं शेत खार न पाजता भरभरून कापलं, लग्न वाजवलं, आणि पट्टीतलं बी गावाला दिलं.

हे सगळं सकाळी आठला चांगुणाला कळलं होतं. आता साडेदहा वाजले होते. अडीच तास ती गप्प होती.

का गप्प होती? एकोणीस वर्षांपूर्वी नवऱ्यानं तिला उंबऱ्याबाहेर काढलं तेव्हा हिराजी एकटा त्या गावात गेला होता. भर चौकात त्यानं तिच्या नवऱ्याचा हात मोडला आणि बहिणीला खांद्याला धरून घरी आणलं. वहिनीनं एकदा भाकरीवरून तोंड वाकडं केलं तर तिलाही त्यानं ताट फेकून मारलं. त्याची माया अशीच होती, कुणाचं तरी रक्त काढून दाखवलेली, आणि चांगुणा तिच्यावरच जगली होती. तिचा त्याच्यावर जीव होता. लखमाला चार रट्टे बसतील आणि लोक दमतील, असं तिनं स्वतःला समजावलं.

लोक दमले नाहीत. कुणीतरी बांबू आणला. लखमाच्या पाठीवर, मांड्यांवर, गुडघ्यांवर बांबू बसत होता. तो सुरुवातीला ओरडत होता, मग नुसता हुं हुं करू लागला. एकदा त्यानं मान वळवली आणि थेट चांगुणाकडे पाहिलं.

"बाय," तो म्हणाला, "तू तरी सांग यांना. चावी रोज तुज्याच हातात देत होतो ना?"

सगळे तिच्याकडे वळले. हिराजीही वळला. बहीण-भावांची नजर भिडली आणि तिला समजलं की आपण पट्टा पाहिलाय हे त्याला कळलंय. ती काही बोलणार तेवढ्यात त्यानं पायरीजवळचा वजनाचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि लखमाच्या डोक्यात घातला.

"नको!" चांगुणा किंचाळली. "त्यानं नाय केलान! दादानं केलान! माझ्या भावानं कोरडं मीठ घातलान मायशेतात!"

लखमा पायरीखाली आडवा पडला होता आणि त्याच्या कानातून रक्त येत होतं. चांगुणानं यंत्राचा पट्टा धायासमोर धरला आणि सकाळी मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं, अगदी गोड्या पाण्याचं आणि फुटव्यांचंही. धायाला पट्ट्यातलं काही कळत नव्हतं, पण हिराजीचा चेहरा त्याला वाचता आला.

"हिराजी," तो म्हणाला, "हे खरं हाय?"

हिराजी पळाला. त्यानं पळायला नको होतं. कुंपणापाशी त्याला चौघांनी पाडला. ज्या बांबूवर लखमाचं रक्त होतं तोच आता हिराजीच्या नडग्यांवर बसू लागला. निरपराध माणसाला मारलं याचा राग लोक आता त्याच्यावर काढत होते, आणि हा राग पहिल्यापेक्षा मोठा होता.

"हितं नको," धाया म्हणाला. "जोळाला फसवलान. जोळाच्या बांधावर न्या."

बांध दहा मिनिटांच्या वाटेवर. हिराजीला पाय धरून फरपटत नेलं. चांगुणा मागून धावत होती, ज्याला-त्याला ओढत होती, ढकलली जात होती. मागे अंगणात लखमा एकटाच पडलाय, हे तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नाही.

नारळी पौर्णिमा एका दिवसावर आली होती. दुपारचं उधाण चढत होतं, खाडी बांधाच्या छातीला लागली होती. त्यांनी हिराजीला हौदात उतरवला, मोजमापाच्या खांबाला दोरानं करकचून बांधला आणि वर आले. धायानं बाहेरच्या दाराचं चक्र फिरवलं. पाणी फेसाळत आत आलं. मग त्यानं चक्राचा दांडा उपसला आणि खाडीत भिरकावून दिला.

"आता दर्यालाच ठरवू दे," तो म्हणाला.

म्हणजे बाहेरचं दार आता बंद होणं नव्हतं. पाणी हिराजीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. तो शिव्या देत होता. धायाला, जोळाला, बहिणीला. पाणी छातीशी आलं तेव्हा शिव्या थांबल्या आणि तो नुसताच "चांगू, चांगू" करू लागला. लहानपणी ताप आला की तो असाच तिला हाक मारायचा.

आतल्या दाराचं चक्र गावाच्या बाजूला होतं. तिथे कुणी उभं नव्हतं, कारण ते दार कुणी उघडेल असं स्वप्नातही कुणाला वाटलं नसतं. आत सगळी शेतं होती. चाऱ्या उघड्या होत्या. त्या दारातून उधाण आत घेणं म्हणजे अडतीस घरांच्या तोंडचा घास खाडीत घालणं. निम्मं पीक तरी वाचेल, असं मॅडमनी सांगितलं होतं. हे तिच्याइतकं तिथे कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं.

चांगुणानं क्षणभरही विचार केला नाही. ती धावली, चक्राला लोंबकळली आणि अंगातलं सगळं बळ लावून ते फिरवलं. अर्धा फेर, एक फेर, दोन फेर. दार करकरत वर गेलं आणि हौदातलं पाणी गर्जत शेतांकडे निघालं. हिराजीच्या हनुवटीवरचं पाणी उतरून पोटावर आलं.

मग बांधावर जे झालं त्याला मारहाण म्हणणंही कमीच. बायकासुद्धा होत्या. कुणी तिला केसांना धरून खाली पाडलं, कुणी तोंडावर टाचा दिल्या. तिचा डावा हात कोपरात मोडला तो आवाज तिनं स्वतः ऐकला. तरी उजव्या हाताची मिठी तिनं चक्रावरून सोडली नाही, आणि ओढाताणीत आतल्या चक्राची साखळीच तुटली. दार वरच अडकून राहिलं. मग मारणारे आपोआप थांबले. सगळे वळून बघत होते. गढूळ पाणी चाऱ्यांतून शांतपणे एकेका शेतात शिरत होतं.

हिराजीला शेवटी कुणीतरी दोर कापून वर काढला. तो ओकला, खोकला, आणि बहिणीकडे बघून पहिलं वाक्य बोलला ते असं: "माझं नाव कशाला घेतलास?"

लखमा तालुक्याच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी वारला. पोलिसांनी अकरा जणांना उचललं, त्यात हिराजी होता, धायाही होता. चांगुणानं डोळ्यांनी पाहिलेलं सगळं सांगितलं, दगड कुणाच्या हातात होता तेही. सांगायला आता तिला काहीच अडचण नव्हती. एवढं सोपं होतं ते, याचीच तिला घृणा आली.

उघाडीचं दार सहा दिवस तसंच राहिलं. रोज दोन भरत्या शेतांत येत होत्या, हळूहळू, बोटाबोटानं. भात काळं पडलं, कुजलं. गाव रेशनच्या तांदळावर आलं आणि चांगुणाशी कुणी बोलेनासं झालं. पण आश्विनात ती मोडका हात गळ्यात अडकवून शेतं तुडवत हिंडली तेव्हा तिला इथे एक, तिथे दोन अशी हिरवी रोपं दिसली. खाऱ्या चिखलात ताठ उभी होती, नवे फुटवे होते आणि लोंब्या भरलेल्या होत्या. अडतीस शेतं मिळून दिवाळीपर्यंत जेमतेम एक पायली भात हाताला आलं.

तिनं त्यातले दहा दाणे यंत्रात घातले. आकडा चौऱ्याण्णव आला. या वेळी तिनं पट्टा पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. प्रत्येक खूण जिथे हवी तिथेच होती. तिनं तो मॅडमना पाठवला आणि त्यांचा लगेच फोन आला. "असं बियाणं अख्ख्या किनाऱ्यावर कुठे नाही," त्या म्हणाल्या. "मला फक्त नमुन्याला मूठभर द्या. बाकीचं जिवापाड जपा."

मूठभर दाणे तिनं केंद्राला पाठवले. उरलेलं भात टोपलीत घेतलं, वर बीघराची चावी ठेवली, आणि ती भरदुपारी वाडीवर गेली.

लखमाची बायको बारकी झोपडीपुढे सारवत होती. दोन मुली दाराशी बसल्या होत्या, दोघींच्या गालांची हाडं वर आली होती. चांगुणानं टोपली खाली ठेवली.

"बारके, आजपासून बी तुज्याकडं. बीघरही तुज्याकडं. गावानं बी मागितलं तर तुज्या दारात येऊन मागायचं. मी सगळ्यांना तसं सांगून आलंय."

बारकीनं हात धुतले. टोपलीत हात घालून दाणे वर काढले, खाली सोडले.

"लय चांगलं हाय?"

"याच्यासारखं कुटंच नाय."

"मना एक सांग," बारकी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "भावाच्या नाकाशी पानी आलं तर सगल्या गावाची शेतं बुडवलीस. हात मोडला तरी चक्र नाय सोडलंस. गावच्या बायका सांगत होत्या मना. माझा घरवाला तुज्या पायरीवर मार खात होता, तुला हाक मारत होता. त्याच्यासाठी एक शबुद बोलायला तुला येवढा येल का लागला?"

चांगुणाकडे उत्तर होतं आणि ते तिला सांगता येत नव्हतं. तो भाऊ होता, आणि हा नव्हता. एवढंच होतं ते.

बारकी उठली, आतून मुसळ घेऊन आली आणि टोपलीतलं सगळं भात अंगणातल्या उखळात ओतलं.

"बारके!" चांगुणा अर्धवट उठली. "गावाचं बी हाय ते! दुसरं नाय! केंद्रातल्या मुठीचं बी व्हायला तीन वर्सं जातील!"

"माज्या पोरींनी कालपासून खाल्लं नाय," बारकी म्हणाली.

तिनं मुसळ उचललं. पहिल्या घावाला दाणे तडतडले आणि साळीची टरफलं उडाली. दुसरा घाव पडला, तिसरा पडला. चांगुणा बघत राहिली. उठून गावात आरोळी ठोकली तर माणसं धावत येतील, ते कुणाला माहीत होतं तिच्याइतकं? माणसं धावत आली की काय करतात तेही तिनं पाहिलं होतं.

दहाव्या-बाराव्या घावाला बारकी थांबली. तिला धाप लागली होती. तिनं मुसळ चांगुणापुढे धरलं.

"बसलीस काय? तुजा एक हात धड हाय ना?"

चांगुणानं मुसळ उजव्या हातात घेतलं आणि कांडायला लागली. दोन्ही मुली पुढे सरकून उखळाच्या काठाशी बसल्या आणि बाहेर उडालेला तांदूळ वेचून तोंडात टाकू लागल्या.